सातपुड्यातल्या बोटीच्या केंद्रावर जाताना

विधानसभेच्या वेळी, म्हणजे २० नोव्हेंबर २०२४ ला, मला नर्मदेच्या फुगवट्याकाठचं मतदान केंद्र लागलं होतं. रस्ता नाही, बोटीनेच जायचं. आदेश हातात पडला तेव्हा आधी असं केंद्र केलेला एकही माणूस मला भेटला नाही. ज्यांना पुढे असं केंद्र लागेल त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहून ठेवतो. गावाचं आणि केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मी नवापूर तालुक्यात माध्यमिक शिक्षक आहे. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. नर्मदा महाराष्ट्राला फक्त ५४ किलोमीटर लागते, तीही नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यांना. सरदार सरोवर धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली आणि आपल्याकडची ३३ गावं बाधित झाली. काही लोक पुनर्वसनात खाली आले, काही तिथेच वर डोंगरावर सरकले. जे राहिले त्यांचं मतदान तिथेच व्हायला हवं. हे दोन्ही तालुके अक्कलकुवा मतदारसंघात येतात. राज्यातला हा मतदारसंघ क्रमांक १, आणि त्यातलं केंद्र क्रमांक १ म्हणजे मणिबेली, तेही नर्मदाकाठचंच.

निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली. माझा आदेश शाळेत आला २२ ऑक्टोबरला, मंगळवारी. केंद्राध्यक्ष म्हणून. पहिलं प्रशिक्षण रविवारी २७ तारखेला, म्हणजे वसुबारसेच्या आदल्या दिवशी. घरात फराळाचं चाललेलं आणि मी मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटची बटणं पाठ करतोय. दुसरं प्रशिक्षण १० नोव्हेंबरला. त्या दिवशी मतदारसंघ कळला, अक्कलकुवा. केंद्र मात्र कळत नाही. कर्मचाऱ्यांची सरमिसळ तीन टप्प्यांत होते आणि कोणाला कुठलं केंद्र हे शेवटच्या टप्प्यात, साहित्य घ्यायला जाताना उघडतं. पण अक्कलकुवा म्हटल्यावर बोट लागू शकते हे मनात धरूनच तयारी करावी, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. त्याच दिवशी सुविधा केंद्रात टपाली मतदान करून घेतलं. ते राहू देऊ नका, नंतर वेळ मिळत नाही.

घरी आईला सांगितलं. आई मूळची धुळ्याकडची, अहिराणीतच बोलते. म्हणाली, “तुले पोहता येस नही, मंग पानीमा कसाले जाई ऱ्हायना तू?” तिला काय उत्तर द्यायचं? मला खरंच पोहता येत नाही. २०१९ च्या संक्रांतीला नर्मदाकाठच्या भुषाजवळ भाविकांची बोट उलटली होती, माणसं गेली होती. ती बातमी आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे कबूल करतो.

नऊ दिवस हातात होते. बाजारात जाऊन घेतलं ते असं: डोक्याला बांधायची बॅटरी २८० रुपयांना, जाड प्लास्टिकचा मेणकापडी कागद तीन मीटर १५० रुपयांना, झिप असलेल्या मोठ्या पिशव्या डझनभर ९० रुपयांना, नायलॉनची दोरी दहा मीटर ६० रुपयांना. दोन लायटर, जादा मेणबत्त्या. पेट्या सील करायला लाख वितळवायची वेळ रात्री येते आणि वाऱ्यात काडी टिकत नाही. चष्म्याची जुनी जोडी सोबत घेतली. ती लागली नाही, पण पाण्यावर चष्मा पडला तर सतरा-सी, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशेबाचा नमुना, कोण भरणार, हा विचार होता. बायकोने दशम्या करून दिल्या, दुधात आणि गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या, तीन दिवस टिकणाऱ्या. सोबत लसणाची चटणी आणि दिवाळीचा उरलेला चिवडा.

१९ तारखेला, मंगळवारी, सकाळी सहाला साहित्य वाटपाच्या मैदानावर पोहोचलो. सात वाजता लिफाफा मिळाला. केंद्राच्या नावापुढे ‘बोट’ आणि ‘शॅडो’ असे दोन शब्द पेनाने लिहिलेले. शॅडो म्हणजे मोबाइलची रेंज नसलेला भाग. माझ्या चमूतले तिन्ही मतदान अधिकारी आणि शिपाई तिथेच पहिल्यांदा भेटले. मतदान अधिकारी क्रमांक १ वयाने मोठे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. आम्ही त्यांना आप्पा म्हणू लागलो. त्यांची ही चौदावी निवडणूक होती. बोटीचं केंद्र त्यांनाही पहिलंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साहित्य घेतल्यावर लगेच बसमध्ये चढू नका. गाडीवाला घाई करतो, ध्वनिक्षेपकावर नाव पुकारलं जातं, तरी बसू नका. साधं केंद्र असेल आणि एखादं पाकीट राहिलं तर क्षेत्रीय अधिकारी मोटारसायकलवरून आणून देतात. आमच्या केंद्रावर काही राहिलं असतं तर ते आणायला बोट, डिझेल आणि अर्धा दिवस लागला असता. आम्ही झाडाखाली सतरंजी टाकली. आप्पा यादी वाचायचे आणि मी वस्तू हातात घेऊन दाखवायचो. कंट्रोल युनिट, बॅलेट युनिट (मतदार बटण दाबतो ते) आणि व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) यांचे क्रमांक पत्राशी जुळवले. मतदार यादीची मार्क्ड कॉपी, म्हणजे केंद्रावर खुणा करायची प्रत, एकेक पान उलटून पाहिली. मतदारांच्या नोंदीचं सतरा-ए रजिस्टर, हिरव्या कागदी मोहोरा, स्पेशल टॅग, प्रदत्त मतपत्रिका, धातूची मोहोर, बाणफुलीचा शिक्का, मतदान कक्षाचे पुठ्ठे, शाईच्या बाटल्या. मार्क्ड कॉपीत एक पान नव्हतं. पान १४ नंतर थेट १६. पंधराव्या पानावर तीस मतदार! ते मिळवायला काउंटरवर पन्नास मिनिटं उभं राहावं लागलं, पण मिळालं. नसतं मिळालं तर दुसऱ्या दिवशी तीस माणसांना मी काय सांगितलं असतं?

व्हीव्हीपॅटच्या मागे एक खटका असतो. वाहतुकीत तो आडवा हवा आणि वापरताना उभा. आडवा नसेल तर घाटातल्या हादऱ्यांनी आतला कागदाचा रोल हलतो. तो तिथेच पाहून घ्या.

साडेदहाला बस निघाली. देवगोई घाट चढून मोलगी, पुढे धडगावच्या दिशेने, मग नदीकडे उतरणारा रस्ता. मशीन मांडीवर घेऊन बसलो होतो. पोलीसदादा म्हणाले, “सर, खाली ठेवा, पाय भरून येतील.” ठेवलं नाही. अडीचला धक्क्यावर पोहोचलो.

नोव्हेंबरात पाणी भरलेलं असतं. दोन्ही बाजूंचे डोंगर थेट पाण्यात उतरलेले, मध्येच सागाच्या वाळक्या फांद्या वर आलेल्या. ती बुडालेल्या झाडांची टोकं. जी दिसतात त्यांची भीती नाही, पाण्याखाली हातभर असतात त्यांची असते. १३ मेच्या लोकसभेला गेलेल्या एका सहकाऱ्याने नंतर सांगितलं की उन्हाळ्यात पाणी खाली जातं, तेव्हा बोट लवकर थांबते आणि उरलेला चढ चिखलातून सामान डोक्यावर घेऊन चढावा लागतो. मे महिन्यात जाणाऱ्यांनी पायात घट्ट बसणारे बूट घ्या.

आम्ही पाच कर्मचारी, दोन पोलीस, नावाडी आणि त्याचा मदतनीस. एकूण नऊ. बोटीत लाईफ जॅकेट पाच. बोट मजबूत होती, डिझेल इंजिन नीट चालत होतं, पण जॅकेट पाचच. धक्क्यावरचा एक जण म्हणाला, “नावाड्यांना लागत नाही, पोलिसांना पोहता येतं, बसा तुम्ही.” मी बसलो नाही. आवाज चढवला नाही, पण केंद्राध्यक्षाच्या डायरीत वेळ आणि संख्या लिहिली आणि ती ओळ त्यांना वाचून दाखवली. मग फोन झाले. दुसऱ्या बोटीवरून चार जॅकेटं यायला एक तास चाळीस मिनिटं लागली. त्या वेळात आमच्यातलेच दोघं वैतागले, अंधार होईल म्हणाले. त्यांचंही खरं होतं, सूर्य सहाच्या आत मावळणार होता. मला मात्र आईचा प्रश्न आठवत होता, आणि त्या पोरगेल्या मदतनिसाकडे पाहून वाटत होतं की याची आईही हेच विचारत असेल.

वाट पाहताना नावाड्याशी बोलणं झालं. पन्नाशीचा पावरा माणूस, त्याचं जुनं घर याच पाण्याखाली. बोट कुठून जाते हे तो जुन्या गावाच्या खुणांवरून सांगायचा. इथे नाला होता, इथे पाटलाचं मोहाचं झाड. मशीन बोटीत कसं ठेवायचं हे त्याने शिकवलं. मी माझी नायलॉनची दोरी काढून मशीनच्या पेट्या बोटीच्या आडव्या फळीला बांधायला लागलो तर त्याने माझा हात धरला. “गुरुजी, बोटीला नको. बोट गेली तर तेही जाईल.”

त्याने ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा आणल्या, हवा भरलेल्या, जागोजागी ठिगळं लावलेल्या. माझ्या मेणकापडात व्हीव्हीपॅटची पेटी गुंडाळली, तोंड खालून दुमडलं, वरून खताची रिकामी गोणी चढवली. ती पेटी एका ट्यूबच्या मधोमध बसवली, कंट्रोल आणि बॅलेट युनिट दुसरीच्या. दोरी ट्यूबखालून घेऊन चौफुली आवळली आणि शेवटी सरकगाठ मारली, टोक बोटभर मोकळं ठेवून. “एक हात ओढला की सुटते. दोन हात लागले तर गाठ चुकली.” त्याने ओढून दाखवलं, सुटली. पुन्हा मारली. कागदपत्रांची पिशवी वेगळी, झिपच्या पिशव्यांत भरून माझ्या जॅकेटच्या आत. ट्यूबा बोटीच्या मध्यावर, दोन्ही बाजूंना माणसं सारखी वाटून. पाण्याच्या बाटल्या आणि अंथरुणं तळाशी, म्हणजे वजन खाली. बोटीत काय काय हवं हेही मी मोजून घेतलं: पाणी उपसायचा डबा, लांब बांबू, जादा डिझेलचा कॅन, इंजिनाचा जादा पट्टा, हवा भरलेलं चाक आणि त्याला बांधलेला दोर. पट्टा नव्हता. नावाड्याने मदतनिसाला वर गाडीवाल्याकडे पाठवून मागवून घेतला. हे सगळं धक्क्यावर असतानाच विचारायचं, पाण्यात गेल्यावर विचारून उपयोग नाही.

चार वाजून वीस मिनिटांनी दोर सोडला. सव्वा तास लागला. आप्पा सगळा वेळ डोळे मिटून होते, ओठ हलत होते. मी त्या दोन ट्यूबांवरून नजर काढली नाही.

केंद्र म्हणजे पत्र्याची शाळा, एक खोली आणि ओटा. सौर दिवा होता. गावच्या बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या, ताईंनी खोली सारवून ठेवली होती. रात्री मक्याची भाकर आणि उडदाची डाळ. आमच्या दशम्या आम्ही त्यांच्या मुलांना दिल्या. जेवण झाल्यावर बसून सगळ्या पाकिटांवर केंद्राचा क्रमांक आणि नाव लिहून टाकलं. मतदानाच्या संध्याकाळी डोकं चालत नाही, तेव्हा हे काम आदल्या रात्रीच संपवा. थंडी चांगलीच होती, एक चादर पुरत नाही.

पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायचं चाचणी मतदान. उमेदवारांचे प्रतिनिधी नसतील तर पंधरा मिनिटं थांबून सुरू करायचं असतं, आमच्याकडे दोघं आले होते. किमान ५० मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला किमान एक, नोटालाही. टॅली जुळली. मग सीआरसी: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. प्रशिक्षणात हे इतक्या वेळा सांगतात की कंटाळा येतो, पण क्लिअर करायचं राहिलं तर ती ५० मतं खऱ्या मतांत मिसळतात. मी बटण दाबलं, टोटल शून्य आली. ती प्रतिनिधींना दाखवली, मग आप्पांना पाहायला लावली. व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून मागे शिक्का मारून काळ्या लिफाफ्यात, लिफाफा प्लास्टिकच्या डबीत. सात वाजता मतदान सुरू.

आठच्या सुमारास ऊन तिरपं होऊन खिडकीतून थेट व्हीव्हीपॅटवर येऊ लागलं. त्या मशीनला जास्त उजेड चालत नाही, एरर येऊ शकते. जादा मशीन क्षेत्रीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पाण्यापलीकडे. खिडकीला ताबडतोब माझी चादर बांधली. खोली लावताना सूर्य कुठून येईल हे आदल्या संध्याकाळीच पाहून ठेवायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं.

दर दोन तासांनी आकडेवारी द्यायची असते. रेंज नाही. पोलिसांच्या वायरलेसवरून नऊ, अकरा, एक, तीन, पाचची टक्केवारी गेली.

दहाच्या सुमारास खाली पाण्यावर एक डोंगी लागली. पलीकडच्या पाड्यावरून सात-आठ माणसं. त्यात एक आजी, नातीच्या खांद्यावर हात ठेवून चढ चढली. डोक्याच्या पदरात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मनरेगाचं जॉबकार्ड. ओळखीला तेव्हा ते चालत होतं. नाव मार्क्ड कॉपीत शोधलं तर पान १५. मी आप्पांकडे पाहिलं, त्यांनीही माझ्याकडे. क्रमांक २ च्या सरांनी तिची डाव्या हाताची तर्जनी हातात घेतली. नखाशी भेगा पडलेल्या, मातीने भरलेल्या. त्यांनी ओल्या कापडाने ती पुसली, मग नखाच्या वरच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत शाईची रेघ ओढली. ही शाई १९६२ पासून म्हैसूरच्या एका सरकारी कारखान्यातच बनते. दहा मिलीच्या एका बाटलीत सातशेच्या आसपास माणसं होतात. आमच्या यादीत ४१२ होती, तरी मी दोन बाटल्या दोन वेगळ्या पिशव्यांत आणल्या होत्या. आजी कक्षात गेली. सात सेकंद चिठ्ठी दिसते, ती पूर्ण सात सेकंद वाकून बघत राहिली, मग बीप वाजली. बाहेर येऊन ओट्यावर बसली आणि बोट उन्हात धरून शाई वाळवत राहिली. माझ्या घशाशी काहीतरी दाटून आलं. चिरेबंद शाळेत, रस्त्यालगतच्या केंद्रावर मी चार निवडणुका केल्यात, तिथे असं झालं नव्हतं.

सहाला रांगेत कोणी नव्हतं. क्लोज बटण दाबलं, २८७ मतं. सतरा-ए रजिस्टरमध्येही २८७. सतरा-सी भरलं, प्रतिनिधींना प्रती दिल्या, पेट्या सील केल्या. लायटर तिथे कामाला आला. रात्री पाण्यावर यायचं नाही असा लेखी आदेश आधीच होता, म्हणून मशीन पोलिसांच्या पहाऱ्यात त्याच खोलीत ठेवून आम्ही पाचही जण बाजूला झोपलो. झोपलो म्हणजे आडवे झालो.

२१ ला सकाळी सातला बोट आली. या वेळी ट्यूबा मी बांधल्या. व्हीव्हीपॅटचा खटका आडवा केलेला, मेणकापड, गोणी, चौफुली दोरी, सरकगाठ. नावाड्याने एका हाताने ओढून पाहिलं. सुटली नाही. “पुन्हा मारा, गुरुजी.” पुन्हा मारली. दुसऱ्यांदा सुटली, तेव्हा त्याने मान हलवली आणि इंजिन सुरू केलं.

जमा करायला दुपारी एकला पोहोचलो. काउंटरवर रांग होती, आमचा नंबर अडीचला लागला. आधी मशीन आणि सतरा-सी, मग वैधानिक पाकिटं, मग बाकीची. केंद्राध्यक्षाची डायरी ते नीट वाचतात, तिथे अर्धवट रकाने राहिले तर परत पाठवतात. जॅकेटांची माझी नोंद वाचून काउंटरवरच्या बाईंनी वर पाहिलं. काही बोलल्या नाहीत, पेनाने त्या ओळीखाली रेघ मारली. तीन चाळीसला पावती मिळाली. भत्त्याचं पाकीट सही करून घेतलं. पावतीचा फोटो काढून ठेवा, मूळ कागदही जपा.

बसमध्ये रेंज आली तसा घरी फोन केला. आईने उचलला. “वना का भाऊ?” एवढंच विचारलं. म्हटलं, हो, आलो.